देवाची मर्जी आणि माणसाची जबाबदारी

मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आमच्या पिढीला विल्यम कॅरी हे नाव चांगले माहीत आहे, पण ते परीक्षेपुरते. १८०५ साली मराठीचे व्याकरण, १८१० साली मराठी-इंग्रजी कोश, छपाई बंगालमधल्या श्रीरामपूरला, मदतीला पंडित वैजनाथ शर्मा. झाली टीप पूर्ण! आमच्या वेळच्या नोट्समध्ये याहून जास्त मजकूर नसे.

निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला तेव्हा या कॅरीविषयी आणि त्याच्या मित्रांविषयी जमेल तसे वाचत गेले. इंग्लंडमधल्या खेड्यात जोडे शिवणारा एक माणूस आपल्या भाषेचे व्याकरण लिहायला बसतो, ही काही साधी गोष्ट नव्हे. आणि गंमत अशी की त्याच्या मुळाशी एक जुना धर्मशास्त्रीय वाद आहे. देव सर्वसत्ताधीश आहे, जे होते ते त्याच्या ठरवण्यानेच होते, असे मानले तर माणसाच्या इच्छेला, प्रयत्नाला आणि दोषाला काय अर्थ उरतो, हा तो वाद. आज त्याच्याविषयी लिहायचे आहे. विषय जरा जड आहे, पण त्यातली माणसे फार जिवंत आहेत. तेव्हा वाचकहो, थोडा धीर धरा.

आधी एक खुलासा. मी स्वतः ख्रिस्ती नाही. शाळेत माझ्या एक ख्रिस्ती सहकारी होत्या, त्यांच्यामुळे मंडळी, पाळक, शुभवर्तमान, तारण हे शब्द कानावरून गेले होते. मंडळी म्हणजे एका चर्चचे सभासद आणि पाळक म्हणजे त्यांचा धर्मोपदेशक. पुढे हे शब्द येतील.

आपल्याकडे हा प्रश्न निघाला की लगेच ‘प्रारब्ध आणि प्रयत्न’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण ख्रिस्ती प्रश्न थोडा वेगळा आहे, आणि माझ्या मते जास्त टोचणारा आहे. आपले प्रारब्ध म्हणजे आपल्याच मागच्या कर्माचे फळ. हिशेब कितीही जुना असला तरी खाते आपलेच असते. ख्रिस्ती धर्मात मागचा जन्म नाही. माणूस पापात जन्मतो, स्वतःच्या बळावर त्याला सुटता येत नाही, देवाने कृपा केली तरच तारण. मग देव कोणावर कृपा करतो आणि का? इथे भांडण सुरू होते.

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस नावाचा ब्रिटनहून आलेला तपस्वी रोममध्ये सांगू लागला की देवाने चांगले वागण्याची आज्ञा दिली, त्याअर्थी चांगले वागण्याची शक्तीही माणसाला दिलेली आहे. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन (३५४-४३०) याला स्वतःच्या तारुण्याचा अनुभव होता. तो म्हणाला, इच्छाच बिघडलेली असते, ती देवाने बरी केल्याशिवाय माणूस चांगले निवडतच नाही. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसचे मत धिक्कारले. पण प्रश्न मिटला नाही. ११०० वर्षांनी, १५२४-२५ मध्ये, इरॅस्मस आणि मार्टिन ल्यूथर त्याच मुद्द्यावर पुस्तके लिहून भांडले. कॅल्विनने देवाच्या निवडीचा सिद्धान्त आणखी घट्ट बांधला. हॉलंडमध्ये डॉर्ट गावी १६१८-१९ मध्ये भरलेल्या धर्मसभेने तो ठरावांतच बसवला. देवाने काही माणसे तारणासाठी आधीच निवडली आहेत, आणि ती निवड त्यांच्या गुणावर किंवा करणीवर अवलंबून नाही, असे ते मत.

हे मत मानणारे इंग्लंडमधले बाप्तिस्मावादी लोक स्वतःला ‘पर्टिक्युलर बॅप्टिस्ट’ म्हणवत. म्हणजे ख्रिस्ताचे मरण विशिष्ट, निवडलेल्या लोकांसाठी आहे असे मानणारे. अठराव्या शतकात त्यांच्यातल्या बऱ्याच मंडळ्यांनी या विचाराला आणखी एक पुढचे टोक लावले. ज्याला देवाने निवडलेले नाही त्याला विश्वास ठेवणे शक्यच नाही, आणि जे शक्य नाही ते त्याचे कर्तव्यही असू शकत नाही. मग पाळकाने सगळ्यांना उद्देशून ‘पश्चात्ताप करा, विश्वास ठेवा’ असे सांगायचे तरी कशाला? तेव्हा पाळक निवडलेल्यांना धीर देई, बाकीच्यांशी बोलतच नसे. तर्क मोठा चोख आहे हो! पण त्या तर्काने चर्चचे दार आतून लावून घेतले.

या दाराला पहिला धक्का बसला तो एका दारुड्यामुळे.

केंब्रिजशायरमध्ये सोहम नावाचे गाव आहे. (नाव ऐकून आपल्या ‘सोऽहम्’ची आठवण झाली तरी संबंध काही नाही!) तिथल्या छोट्या बॅप्टिस्ट मंडळीत १७७० साली अँड्र्यू फुलर नावाचा शेतकऱ्याचा मुलगा नुकताच दाखल झाला होता. वय १६ वर्षे. त्याच वर्षी मंडळीतला एक सभासद दारू पिऊन तर्र झाल्याचे त्याला कळले. हा पोरगा सरळ त्याच्याकडे गेला आणि त्याने त्याला चांगले सुनावले. तो गृहस्थ म्हणाला की मला स्वतःला आवरता येत नाही, माझा राखणदार मी नव्हे. म्हणजे राखणारा देव आहे, त्याने राखले नाही तर मी काय करणार! फुलर चिडला. म्हणाला, आवरता येते तुम्हाला, ही नुसती सबब आहे.

प्रकरण पाळकांकडे गेले. त्यांनी मुलाची बाजू उचलून धरली. त्यांचे म्हणणे असे की पवित्र इच्छा निर्माण करण्याची आतली शक्ती देवाकडून येते हे खरे, पण उघड उघड वाईट कृत्य टाळण्याची बाहेरची शक्ती माणसाजवळ असते. झाले! मंडळीतल्या जुन्या माणसांना यात देवाच्या सत्तेला बाध आल्यासारखे वाटले. वाद इतका पेटला की १७७१ मध्ये त्या पाळकांना मंडळी सोडावी लागली. दारुडा राहिला बाजूला आणि पाळक गेला. शाळेत काढलेल्या वर्षांमुळे मला या प्रकाराचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

पण सोळा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात प्रश्न रुतून बसला. दारुड्याचे बोलणे चुकीचे आहे हे त्याला आतून कळत होते. आणि तरी ते मंडळीच्या शिकवणीशी तंतोतंत जुळत होते! पुढे १७७५ मध्ये फुलर स्वतःच सोहमचा पाळक झाला, १७८२ मध्ये नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या केटरिंगला गेला. या सगळ्या काळात तो हा गुंता सोडवत होता.

त्याला कोणीतरी सुचवले की अमेरिकेतल्या जोनाथन एडवर्ड्सचे इच्छास्वातंत्र्यावरचे पुस्तक वाच. फुलरने मोठ्या उत्साहाने एडवर्ड्सचे पुस्तक मिळवले, वाचले, त्याला बरेही वाटले, पण आपल्या प्रश्नाला हात लागत नाही असे जाणवत राहिले. १७७७ च्या सुमारास उलगडा झाला की तो दुसऱ्याच एडवर्ड्सचे पुस्तक वाचत होता! केंब्रिजचा एक जुना एडवर्ड्स होता, त्याचे. मग खरे पुस्तक हाती आले. ते प्रसिद्ध झाले होते १७५४ साली, म्हणजे फुलरच्या जन्माच्याच वर्षी.

एडवर्ड्सचा मुद्दा थोडक्यात असा. ‘मला जमत नाही’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. माझ्या भाषेत सांगते. वर्गात शेवटच्या बाकावरचा मुलगा फळ्यावरचे उतरवून घेत नाही. एकाचे डोळे अधू असतात, त्याला दिसतच नाही. त्याला शिक्षा करणारा शिक्षक निर्दय. दुसऱ्याला स्वच्छ दिसते, पण त्याचे लक्ष खिडकीबाहेर. तोही म्हणतो, ‘बाई, नाही जमले.’ या दुसऱ्याचे न जमणे म्हणजे नको असणे. पहिल्या न जमण्याने दोष जातो, दुसऱ्याने जात नाही. उलट नकोसेपणा जितका मोठा तितका दोष मोठा. एडवर्ड्सने पहिल्याला नैसर्गिक असमर्थता म्हटले, दुसऱ्याला नैतिक असमर्थता.

फुलरला इथे वाट सापडली. पापी माणूस देवाकडे वळत नाही तो त्याला बुद्धी, कान, मन नाही म्हणून नव्हे, तर त्याला वळायचेच नाही म्हणून. तेव्हा वळणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि वळण्याचे आमंत्रण प्रत्येकाला द्यायलाच हवे. ते नकोसेपण काढून टाकणे मात्र देवाच्या कृपेचे काम. हा विचार त्याने १७८५ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. शुभवर्तमान सर्वांनी स्वीकारण्यास योग्य आहे, अशा अर्थाचे त्याचे नाव. पुस्तकावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. जुने लोक म्हणाले, याने देवाची सत्ता कमी केली. समोरच्या पक्षातले म्हणाले, याने माणसाला स्वातंत्र्य दिलेच नाही.

दुसऱ्या टीकेत तथ्य आहे असे मलाही वाटते. माणूस आपल्याला हवे तेच करतो, हे कबूल. पण त्याला काय हवेसे वाटावे हे कोण ठरवते? खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलाचे मन खिडकीबाहेरच का धावते? मागे मागे जात राहिलात तर प्रश्न पुन्हा देवाच्या दाराशी येऊन उभा राहतो. फुलरने हा प्रश्न सोडवला असे म्हणता येणार नाही. त्याने एवढेच केले, की देवाने काय ठरवले आहे हे माणसाला दिसत नाही आणि देवाने काय करायला सांगितले आहे हे दिसते, तेव्हा माणसाने दिसणाऱ्या गोष्टीवर चालावे, असे ठरवले. निकाल देवाचा, काम आपले.

बायबलमध्येच याची एक सुंदर गोष्ट आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७. पौलाला कैदी म्हणून रोमला नेत असतात. गलबतावर २७६ माणसे. कित्येक दिवस वादळ. पौलाला देवदूत सांगतो की एकाचाही जीव जाणार नाही. म्हणजे निकाल ठरला. आणि तरीही खलाशी लहान होडीतून गुपचूप पळू लागतात तेव्हा हाच पौल शिपायांना सांगतो की हे खलाशी गलबतावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापतात. शेवटी सगळे किनाऱ्याला लागतात, कोणी पोहत, कोणी फळ्यांना धरून. देवाचे वचन खरे झाले, आणि ते दोर कापण्यातून, पोहण्यातून खरे झाले. या विषयावर बोलणारे उपदेशक ही गोष्ट पुष्कळदा का सांगतात ते वाचल्यावर कळते.

आता कॅरी. जन्म १७६१, नॉर्थॅम्प्टनशायरमधलेच खेडे. जोडे शिवण्याचा धंदा, फावल्या वेळात लॅटिन, ग्रीक, हिब्रू. कॅप्टन कुकच्या सफरींची वर्णने वाचून जग केवढे आहे हे त्याला कळले. मोल्टन गावी तो शाळाही चालवत असे आणि मंडळीचा पाळकही होता. (शिक्षकाचा पगार पुरत नाही ही तक्रार तेव्हापासूनची आहे!) त्याच्याविषयी एक गोष्ट सगळ्या चरित्रांत येते. पाळकांच्या बैठकीत त्याने विषय काढला की दूरदेशीच्या लोकांपर्यंत शुभवर्तमान नेणे हे आपले कर्तव्य नाही काय? तेव्हा अध्यक्षस्थानी असलेल्या जॉन कॉलेट रायलंड या ज्येष्ठ पाळकाने त्याला खाली बसवले. देवाला त्या लोकांना वळवायचे असेल तेव्हा तो वळवील, तुमच्या-आमच्या मदतीवाचून, असे ते म्हणाल्याचे सांगतात. रायलंडच्या मुलाने पुढे असे काही घडल्याचे नाकारले, हेही सांगायला हवे. पण गोष्ट टिकली, कारण ती त्या काळच्या हवेला अगदी लागू होती. आपण म्हणतो ना, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. तीच ही वृत्ती, फक्त तिला धर्मशास्त्राची झूल घातलेली.

कॅरीने उत्तर दिले ते १७९२ साली, एक लहानसे पुस्तक लिहून. त्याच्या लांबलचक नावातला महत्त्वाचा शब्द आहे ‘साधने’. परधर्मीयांना वळवण्यासाठी साधने वापरणे ख्रिस्ती लोकांवर बंधनकारक आहे की नाही, याची ही चौकशी. त्यात देशांचे कोष्टकच आहे, लांबी-रुंदी, लोकसंख्या, धर्म. अंतर फार आहे म्हणणाऱ्यांना तो विचारतो, होकायंत्र कशासाठी आहे? चार पाणमांजरांच्या कातड्यांसाठी व्यापारी जगाच्या टोकापर्यंत जातातच की! फुलरच्या पुस्तकातून आलेला विचार इथे कामाला लागलेला दिसतो. देव आपले काम करतो, पण साधनांतून करतो. आणि ते साधन म्हणजे तुम्ही-आम्ही.

२ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंगला एका घरात हे पाळक जमले आणि त्यांनी मिशन सोसायटी काढली. वर्गणीचे आकडे पडले १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स, तेही आश्वासनांचे. चिटणीस झाला फुलर.

इथवरची गोष्ट मोठी स्फूर्तिदायक आहे. पण इथेच थांबले तर ती अर्धीच राहील, कारण घरात कॅरीची बायको होती.

डोरोथी प्लॅकेट. १७८१ मध्ये लग्न झाले तेव्हा तिला लिहिता येत नव्हते, नोंदवहीत सहीच्या जागी फुली आहे. नवऱ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी. नवऱ्याला देवाने बोलावले म्हणून तिने बंगालला जायचे, हे तिला मान्य नव्हते. पोटात मूल होते आणि गावाबाहेरचे जग तिने पाहिलेले नव्हते. ती नाही म्हणाली. कॅरी थोरल्या मुलाला, फेलिक्सला, घेऊन निघाला. कंपनी सरकारची परवानगी नसल्याने त्यांना जहाजावरून उतरवण्यात आले. दुसऱ्या जहाजाची तजवीज होईपर्यंत डोरोथी बाळंत झाली होती. कॅरी आणि त्याचा सोबती डॉक्टर जॉन थॉमस पुन्हा तिच्याकडे गेले. ती पुन्हा नाही म्हणाली. दोघे निघाले. वाटेतून थॉमस एकटा परतला आणि त्याने तिला बजावले की आली नाहीस तर जन्मभर पस्तावशील. तेव्हा ती तयार झाली, बहीण किटी सोबत येईल या अटीवर. १३ जून १७९३ ला तान्ह्या मुलासह सगळे डॅनिश जहाजातून निघाले आणि नोव्हेंबरात कलकत्त्याला पोहोचले.

पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर तापाने आणि हगवणीने गेला. त्यानंतर डोरोथीचे मन ढासळले ते सावरलेच नाही. नवऱ्यावर नाही नाही ते संशय, आरडाओरडा, शेवटी कोंडून ठेवण्याची वेळ. शेजारच्या खोलीत हा प्रकार चाललेला असताना कॅरी भाषांतरे करीत असे, असे त्याच्या सोबत्यांच्या आठवणीवरून दिसते. तो तिच्याशी सहनशीलतेने वागला, तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठवले नाही. ८ डिसेंबर १८०७ रोजी ती वारली. म्हणजे १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापून आले तेव्हा ही बाई त्या घरात बंद होती. टिपेत ही ओळ कुठेच नसते.

आता एडवर्ड्सची व्याख्या आठवा. माणूस आपल्याला हवे ते करतो, म्हणजे तो मोकळा आहे. डोरोथीला कोणी दोरीने बांधून नेले नव्हते. शेवटी ती आपल्या तोंडाने हो म्हणाली. मग ती स्वतंत्र होती का? व्याख्येप्रमाणे होती. पण घरातल्या कोणत्याही बाईला विचारा. नवरा निघालेला, थोरला मुलगा त्याच्याबरोबर, आणि वर जन्मभराच्या पस्ताव्याची धास्ती. अशा ‘हो’ला स्वतःच्या मर्जीचे ‘हो’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. माणसाचे स्वातंत्र्य देव हिरावतो का, यावर इतके विद्वान इतकी शतके भांडले. माणसे देवाचे नाव घेऊन एकमेकांचे स्वातंत्र्य किती सहज हिरावतात, हे या एका घरात दिसते.

आणखी एक प्रसंग सांगते, म्हणजे दुसरी बाजूही पुढे येईल. ११ मार्च १८१२ च्या रात्री श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, निरनिराळ्या लिप्यांचे खिळे, कॅरीची हस्तलिखिते, त्यात अनेक भाषांचा एकत्र कोश, वर्षानुवर्षांचे काम, सगळे जळाले. कॅरी तेव्हा कलकत्त्यात होता. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने राख पाहिली. हे देवाच्या हातून आले आहे असे त्याने मानले, आणि लगेच पुन्हा कामाला बसला. एकदा तुडवलेली वाट दुसऱ्यांदा जरा सोपी जाते, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. राखेतून अक्षरांचे पोलादी ठसे शाबूत मिळाले. वितळलेले शिसे पुन्हा ओतून खिळे पाडले गेले. फुलरने इंग्लंडभर फिरून पैसे जमवले. काही महिन्यांत छापखाना पुन्हा चालू झाला.

सगळे देवाच्या हातात आहे असे मानणाऱ्याने हात बांधून बसायला हवे होते ना? तर तसे झाले नाही. निकालाचे ओझे आपल्या डोक्यावर नाही म्हटल्यावर माणूस राखेतूनही उठू शकला. हा विचार पुढे आपल्या महाराष्ट्रातही आला. एडवर्ड्सच्या विचारांत वाढलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले. सरकार त्यांना परत पाठवायला निघाले होते, पण ते चिकटून राहिले. अमेरिकन मिशनने शाळा काढल्या, १८२४ मध्ये मुलींची शाळाही काढली. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने वारला. त्यांच्या धर्मांतराच्या कामाविषयी प्रत्येकाचे मत वेगळे असू शकते, माझेही काही प्रश्न आहेत. पण आधीच निवडलेल्यांचा देव मानणारे हे लोक स्वस्थ बसले नाहीत, एवढे खरे.

आता या सगळ्यांना एका ओळीत उभे करून बघा. सोहमचा तो दारुडा, कॅरीला खाली बसवणारे म्हातारे पाळक, डोरोथीला बजावणारा डॉक्टर थॉमस आणि राखेसमोर उभा असलेला कॅरी. चौघांचे देवाविषयीचे मत जवळजवळ एकच आहे. देवाची मर्जी चालते. पण एकाने ते आपल्या दोषावर पांघरूण म्हणून घेतले, एकाने कामातून सुटका म्हणून, एकाने दुसऱ्यावर दडपण म्हणून आणि एकाने स्वतःचे दुःख सोसण्यासाठी. मला वाटते, देवाची सत्ता आणि माणसाचे स्वातंत्र्य यांचा मेळ पुस्तकात शेवटपर्यंत बसत नाही. फुलरच्या पुस्तकातही तो पुरता बसला नाही. जगताना मात्र तो बसतो किंवा बिघडतो, आणि ते ‘देवाची मर्जी’ हे शब्द आपण कोणाविषयी आणि केव्हा उच्चारतो यावर असते. आपल्यावर कोसळलेल्या, हातात नसलेल्या गोष्टीविषयी उच्चारले तर धीर येतो. आपल्या हातातल्या कामाविषयी किंवा दुसऱ्याच्या आयुष्याविषयी उच्चारले तर सावध व्हावे.

शाळेत असताना पुष्कळ पालक सातवीनंतर मुलीचे नाव काढायला येत आणि म्हणत, ‘बाई, तिच्या नशिबात तेवढेच होते.’ मी विचारी, ‘नशिबात की तुमच्या मनात?’ काही रागावत. एक-दोघे दाखला न घेता परत गेले. फुलरचे नावही तेव्हा मला ठाऊक नव्हते. पण ‘जमत नाही’ आणि ‘करायचे नाही’ यातला फरक प्रत्येक शिक्षकाला अनुभवाने कळतोच.

असो. लेख लांबला. आमच्या घरातल्या तरुण मंडळींना हा विषय कंटाळवाणा वाटेल याची कल्पना आहे, तरी निदान डोरोथीसाठी तो वाचा. ब्लॉगवरच्या मित्रमैत्रिणींपैकी ज्यांचा ख्रिस्ती धर्मशास्त्राचा माझ्याहून चांगला अभ्यास आहे त्यांनी भर घालावी. आणि ज्यांना डोरोथीचे ‘हो’ खरेच तिच्या मनाचे वाटते, त्यांनी तसे का वाटते तेही कळवावे. वाचायला आवडेल.